उंच इमारतींतील सुरक्षितता : सांगणे आणि ऐकणे

महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांचे ऋण मानावे, दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण करावे, विद्यार्थ्यांच्या यशाचे कौतुक करावे, असा रिवाज आहे. आणि तो योग्यच आहे. त्या मानाने प्रस्तुत लेखाचा विषय वाचकांस काहीसा रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु बडोद्यातील आपल्या समाजाची किती कुटुंबे आता आठ-आठ, दहा-दहा मजल्यांच्या इमारतींतून राहू लागली आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे विषय घरचाच आहे हे पटेल. इमारत सुरक्षित कशी बांधावी हा स्थापत्यशास्त्राचा प्रश्न होय. त्याचा ऊहापोह येथे करावयाचा नाही. आपला प्रश्न निराळा आहे. इमारत सांभाळणाऱ्याने तीत राहणाऱ्यास सुरक्षिततेविषयी काय सांगावे व कसे सांगावे? आणि राहणाऱ्याने उलट काही सांगितले, तर ते कसे ऐकावे?

१. वाड्यातून उंच इमारतीत

आमच्या लहानपणी वाड्यात आगीविषयी सूचना देणारा फलक नव्हता, आणि त्याची गरजही भासत नव्हती. विहीर कोठे, मागचे दार कोणत्या बोळात उघडते, माडीवर अंथरुणाला खिळलेल्या आजी कोणत्या खोलीत निजतात, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. कोणी चौकात उभे राहून हाक मारली की सारी बिऱ्हाडे बाहेर येत. हे ज्ञान कोणी शिकवीत नसे. एकत्र राहण्यातूनच ते अंगी येई.

उंच इमारतीत हे सारे बदलते. वरच्या मजल्यावर कोण राहते याचा पत्ता नसतो. लिफ्टने जाणे-येणे असल्यामुळे जिना कसा आहे हे कित्येकांनी वर्षानुवर्षे पाहिलेले नसते. विजेच्या मीटरांची खोली कोठे आहे हे पहारेकरी जाणतो आणि तो सुटीवर असला की कोणीच जाणत नाही. जे पूर्वी न सांगता कळत होते ते आता मुद्दाम सांगावे लागते. आणि मुद्दाम सांगणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

मी राहतो त्या नऊ मजली इमारतीत काही वर्षांपूर्वी प्रत्येक मजल्यावर एक चकचकीत लाल फलक लागला. मजकूर इंग्रजीत होता. मी त्या वेळी सोसायटीच्या समितीत होतो. काम पुरे झाले असे चिटणीसांना वाटले, तसेच मलाही वाटले. आठवड्याने चौथ्या मजल्यावरच्या एका वृद्ध मावशींनी मला जिन्याशी थांबवून विचारले, "भाऊ, त्या लाल पाटीवर काय लिहिलंय हो? लिफ्ट बंद पडली तर काय करायचं, ते का?" त्या पाटीवर लिहिले होते की, आग लागली असता लिफ्टचा वापर करू नये. मावशींना मराठी व गुजराती दोन्ही उत्तम वाचता येते. न येणारी एकच भाषा होती आणि नेमकी तीच आम्ही निवडली होती. फलक लावला म्हणजे सांगून झाले, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

२. ग्रेनफेल टॉवरची कथा

असल्या समजुतीची किंमत किती मोठी पडू शकते हे पाहण्यासाठी लंडन शहरातील एका घटनेकडे वळू. ती दूर देशची असली तरी तिची चौकशी इतक्या बारकाईने झाली आहे की, उंच इमारतीत राहणाऱ्या कोणालाही तिच्यापासून धडा घेता येईल.

पश्चिम लंडनमधील नॉर्थ केन्सिंग्टन भागात ग्रेनफेल टॉवर नावाची २४ मजली इमारत १९७४ मध्ये बांधून पुरी झाली. मालकी तेथील स्थानिक कौन्सिलची. अनेक देशांतून आलेली, अनेक भाषा बोलणारी कुटुंबे तीत राहत. वर-खाली जाण्यास जिना एकच. २०१६ साली तिचे नूतनीकरण पुरे झाले, त्यात बाहेरच्या भिंतींवर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांचे आवरण बसविले गेले. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलिथिलिनचा थर होता; हा पदार्थ पेट घेतो व वितळून खाली ठिबकतो.

१४ जून २०१७ च्या रात्री एक वाजण्याच्या सुमारास चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात फ्रिजने पेट घेतला. बंब काही मिनिटांत आले. परंतु आग खिडकीतून बाहेरच्या आवरणास लागली आणि पहिल्या दूरध्वनीपासून सुमारे अर्ध्या तासात ती इमारतीच्या माथ्यापर्यंत पोहोचली. त्या आगीत ७२ माणसे मृत्युमुखी पडली.

आता मुख्य मुद्दा पाहू. आग लागली असता आपल्या घरात आग वा धूर नसेल, तर दार लावून घरातच थांबावे, अशी सूचना या रहिवाशांना होती. दूरध्वनीवरून मदत मागणाऱ्यांनाही बराच वेळ हेच सांगितले गेले. अग्निशामक दलाच्या नियंत्रण-कक्षाने हा सल्ला बदलला तेव्हा रात्रीचे २ वाजून ३५ मिनिटे झाली होती. सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा पहिला अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. "घरातच थांबा" ही सूचना दीड ते एक वाजून पन्नास मिनिटे या वेळात मागे घ्यावयास हवी होती आणि तसे झाले असते तर अधिक माणसे वाचली असती, असा निष्कर्ष त्यात आहे.

पूर्वसूचना मिळाली नव्हती असेही नाही. लंडनच्याच दक्षिण भागातील लाकानल हाउस या १४ मजली इमारतीत ३ जुलै २००९ रोजी आग लागून तीन स्त्रिया व तीन मुले दगावली होती. तेथेही घरात थांबण्याचा सल्ला दिला गेला होता आणि कोणत्या वेळी थांबावे व कोणत्या वेळी बाहेर पडावे, हे रहिवाशांना स्पष्ट करून सांगण्याची गरज २०१३ च्या चौकशीनंतर मांडली गेली होती.

३. नियम आणि त्यामागचे कारण

"घरातच थांबा" ही सूचना मुळात मूर्खपणाची नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तिच्यामागे एक विचार आहे. काँक्रीटच्या भिंती व आग रोखणारी दारे असलेले प्रत्येक घर म्हणजे बंद पुडांच्या डब्यातील एक पूड होय. एका पुडातील आमटी सांडली तरी दुसऱ्यातील भात कोरडा राहतो. तसेच एका घरातील आग तासभर तरी त्याच घरात अडून राहते, तेवढ्यात बंबवाले ती विझवितात आणि इतर बिऱ्हाडांनी अरुंद जिन्यात गर्दी करण्याचे कारण राहत नाही. कित्येक आगींत हा हिशेब बरोबर ठरला आहे.

पण त्या डब्याभोवती कोणी तेलात भिजवलेले फडके गुंडाळले तर? ग्रेनफेलमध्ये तसेच घडले. आवरण बदलले तेव्हा इमारत बदलली. सूचना मात्र जुनीच राहिली. शिवाय घरांची कित्येक दारे आपोआप बंद होण्याची योजना मोडलेली किंवा काढून टाकलेली होती, म्हणून धूर जिन्यात शिरला.

यातून पहिला धडा निघतो: नियम सांगावयाचा तर त्याचे कारणही सांगावे. "घरात थांबा, कारण भिंती आग अडवतील" असे ज्यास सांगितले आहे, तो बाहेरची भिंतच पेटलेली पाहिली म्हणजे काही निर्णय करू शकतो. ज्यास नुसते "घरात थांबा" सांगितले आहे, त्याच्या हाती आज्ञापालनावाचून काही राहत नाही. इमारतीत काही फेरबदल झाला, मग तो बाहेरच्या भिंतीचा असो, जिन्याचा असो वा विजेच्या जोडणीचा, तर जुनी सूचना अजून खरी आहे काय हे तपासून ती नव्याने सांगितली पाहिजे.

दुसरा धडा बारीक वाटेल, पण मोठा आहे. नूतनीकरणाच्या वेळी ग्रेनफेलच्या मजल्यांचे क्रमांक बदलले होते आणि जिन्याच्या टप्प्यांवर ते नीट दिसत नव्हते. धुराने भरलेल्या जिन्यात आपण कोणत्या मजल्यावर आहोत हेच कळेना. मजल्याचा ठळक आकडा हीदेखील एक सूचनाच होय, आणि ती वाचण्यास कोणतीही एक भाषा येण्याची गरज नाही.

तिसरा धडा सर्वांत कठोर आहे. त्या इमारतीत ३७ अपंग रहिवासी होते. त्यांपैकी १५ जण मरण पावले. ज्यास जिना उतरता येत नाही त्यास "जिन्याने उतरा" असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. त्याच्याशी आधी बोलून त्याच्यापुरती योजना आखावी लागते.

४. तक्रार करणारा शत्रू नव्हे

ग्रेनफेलमधील रहिवासी मुकाट बसले नव्हते. त्यांच्यातील एका गटाने आगीच्या धोक्याविषयी वारंवार लिहिले होते. मोठी मनुष्यहानी झाल्याशिवाय इमारत सांभाळणाऱ्यांचे डोळे उघडणार नाहीत, अशा अर्थाचा इशारा त्यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये, म्हणजे आगीच्या सातच महिने आधी, दिला होता.

मग तो ऐकला का गेला नाही? सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या अंतिम अहवालाने या प्रश्नाकडेही लक्ष दिले आहे. कौन्सिलच्या वतीने घरांची व्यवस्था पाहणारी संस्था आणि रहिवासी यांचे संबंध अविश्वासाने ग्रासलेले होते. काही रहिवासी म्हणजे मुद्दाम भांडण उकरून काढणारे लोक, असा त्या संस्थेचा ग्रह झाला होता. अहवालाने असेही नमूद केले की, अविश्वास दोन्ही बाजूंनी होता. तरी संबंध सुधारण्याची जबाबदारी सत्ता हाती असणाऱ्या संस्थेवर होती.

हे वाचताना मला आमच्याच समितीच्या बैठका आठवल्या. प्रत्येक सोसायटीत एक सभासद असा असतो की, तो बोलावयास उठला म्हणजे बाकीचे घड्याळाकडे पाहू लागतात. त्याचा स्वर कडवट असतो, मागच्या भांडणाचा विषय तो मधेच काढतो, हे सारे खरे. पण पंप बिघडला आहे असे तो म्हणत असेल, तर पंप बिघडला आहे की नाही हे पाहावयास हवे; बोलणाऱ्याचा स्वभाव पाहून त्याचा निवाडा होत नाही. जेथे तक्रारदारास "कटकट्या" म्हणून बाजूस सारतात, तेथे काही दिवसांनी शहाणी माणसे तक्रार करणेच सोडून देतात. मग समितीस वाटते की सर्व ठीक चालले आहे.

५. इंग्लंडने पुढे काय केले

आगीनंतर इमारतींच्या नियमांचे परीक्षण डेम ज्यूडिथ हॅकिट यांनी केले. मे २०१८ च्या त्यांच्या अहवालात रहिवाशांचे म्हणणे ऐकण्यास स्वतंत्र स्थान आहे. पुढे २०२२ चा इमारत सुरक्षा कायदा आला. १८ मीटर अथवा सात मजले आणि त्याहून उंच असलेल्या निवासी इमारतींसाठी जबाबदार व्यक्ती ठरवून देण्यात आल्या. रहिवाशांना कोणती माहिती कशी देणार, कोणत्या निर्णयांत त्यांचे मत घेणार, याची लेखी योजना त्यांनी करावयाची. सुरक्षिततेविषयीच्या तक्रारी घेण्याची पद्धत ठेवावयाची. रहिवाशांवरही कर्तव्ये घातली आहेत. सुरक्षिततेच्या साधनांची मोडतोड करता येत नाही. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आगीविषयीच्या सूचना व आग रोखणाऱ्या दारांची माहिती रहिवाशांस द्यावी लागते, आणि उंच इमारतींच्या जिन्यांत धुरातही वाचता येतील असे मजल्यांचे व घरांचे क्रमांक लावावे लागतात. अपंग रहिवाशांसाठी बाहेर पडण्याच्या योजना आखण्याचे नियम व्हावयास मात्र २०२५ साल उजाडले. शहाणपण येते, पण सावकाश येते.

आपल्याकडेही कायदे आहेत. महाराष्ट्रात आगप्रतिबंधक व जीवसुरक्षेचा कायदा २००६ चा असून, इमारतीतील अग्निशमनाची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने वा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये द्यावयाचे असते. गुजरातेत तशाच धर्तीचा कायदा २०१३ मध्ये झाला. परंतु असली प्रमाणपत्रे बहुधा कंत्राटदार, चिटणीस व कचेरी या तिघांतच फिरतात. ज्याच्या जिवासाठी तो कागद केला, त्या रहिवाशास तो कधी दिसत नाही.

६. परळची एक मुलगी

वेळेवर सांगितलेली गोष्ट काय करू शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातच सापडते. २२ ऑगस्ट २०१८ रोजी सकाळी मुंबईत परळ येथील क्रिस्टल टॉवर या इमारतीस आग लागली व चौघांचा मृत्यू झाला. वरच्या मजल्यावर अडकलेल्या लोकांत दहा वर्षांची एक मुलगी होती. धुरात काय करावे हे तिला शाळेत शिकविले होते. तिने सुती कापडाचे तुकडे ओले करून घरच्यांना व शेजाऱ्यांना दिले, ते नाकातोंडाशी धरून श्वास घेण्यास सांगितले व सर्वांस धीर दिला. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला.

येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. ओल्या फडक्याने काजळीचा त्रास कमी होतो. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मात्र त्याने अडत नाही. म्हणून धूर असेल तेथून दूर जाणे, खाली वाकून चालणे, दार बंद करून फटींत ओले कापड कोंबणे, हेच मुख्य उपाय होत. परंतु त्या मुलीची खरी कामगिरी अशी की, सारे भांबावले असता तिच्यापाशी कोणीतरी आधी सांगून ठेवलेली, समजलेली आणि आठवणारी एक गोष्ट होती. सांगण्याचे सार्थक याहून अधिक ते काय असावे?

७. आपल्या सोसायट्यांत काय करता येईल

आमच्या अनुभवावरून व वरील अभ्यासावरून काही सूचना मांडतो.

(अ) सूचना ऐकणाऱ्याच्या भाषेत असावी. बडोद्यात म्हणजे गुजराती, मराठी व हिंदी, आणि जोडीला चित्र. धुणेभांडी करणाऱ्या बाई, पहारेकरी, नव्याने आलेले भाडेकरू, यांनाही ती पहिल्याच दिवशी सांगावी. दुपारी घरात एकटी असणारी व्यक्ती बहुधा त्यांच्यापैकीच एक असते.

(आ) थोडे सांगावे. आगीत लिफ्ट नको. बाहेर पडताना दार मागे ओढून घ्यावे. धुरात वाकून चालावे. १०१ अथवा ११२ वर पूर्ण पत्ता, मजला व जवळची खूण सांगावी. खाली कोठे जमावयाचे ते ठाऊक असावे. आपल्या इमारतीत घर सोडावे की थांबावे, हे अग्निशामक अधिकाऱ्यास इमारत दाखवूनच ठरवावे. दुसरीकडची सूचना उतरवून घेऊ नये.

(इ) दाखवून सांगावे. वर्षातून दोनदा सर्वांनी मिळून जिन्याने उतरावे. मुलांना हे खेळासारखे वाटते, आणि मोठ्यांना कळते की जिन्यात कोणाची चपलांची मांडणी, कोणाची सायकल आणि कोणाचे जुने कपाट आहे. आग रोखणारे दार विटेने उघडे ठेवलेले असेल तर ते त्याच दिवशी दिसते.

(ई) जे बिघडले आहे ते लपवू नये. पंप बंद असेल तर "पंप बंद आहे, अमुक तारखेस दुरुस्त होईल" असे फळ्यावर लिहावे. घरांच्या किमती उतरतील या भीतीने समित्या असले दोष झाकतात; पण खोट्या भरवशावर निजलेल्या माणसाचे नुकसान त्याहून फार मोठे असते.

(उ) तक्रारवही ठेवावी. तक्रारीस क्रमांक व तारीख द्यावी आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे, मग ते "पैसे नाहीत, पुढील सभेत विषय घेऊ" असे का असेना. उत्तर मिळते असे दिसले की माणसे बोलू लागतात.

(ऊ) ज्यांना जिना उतरण्यास मदत लागेल त्यांची यादी त्यांच्या संमतीने करावी व शेजारची दोन घरे नेमून द्यावीत. ही यादी फळ्यावर लावू नये; समितीपाशी व पहारेकऱ्यापाशी ठेवावी.

(ए) निमित्ते साधावीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवास प्रत्येक मजल्यावरच्या बायका एकत्र येतात, नवरात्रात सारी सोसायटी खाली अंगणात असते. दहा मिनिटे तेथे बोलले तर वार्षिक सभेतील तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक पोहोचते.

आम्ही पहिल्यांदा असे जिन्याने उतरलो, त्यापूर्वी काही मंडळी गच्चीपर्यंत चढून गेली होती. गुडघे दुखत असूनही मावशी लिफ्टने नवव्या मजल्यापर्यंत आल्या. गच्चीच्या दारास कुलूप पाहून त्यांनी विचारले, "याची किल्ली कोणाकडे असते?" समितीचे आम्ही पाच जण एकमेकांकडे पाहू लागलो. चौकशी केली तेव्हा कळले की, किल्ली मागच्या चिटणीसांपाशी होती आणि ते दोन वर्षांपूर्वीच मुलाकडे पुण्यास राहावयास गेले होते. आमचा लाल फलक त्या कुलपाच्या शेजारीच लटकत होता. दुसऱ्या दिवशी कुलूप काढले, आणि तक्रारवहीत पहिली नोंद मावशींच्या नावाने झाली.

अभ्यासासाठी प्रश्न

(वाचकांनी घरी आणि सोसायटीच्या सभेत यांची उत्तरे शोधावीत.)

१) आपल्या इमारतीत आग लागल्यास घर सोडावयाचे की थांबावयाचे? त्याचे कारण आपणांस सांगता येते काय?
२) आपल्या मजल्यावर जिना उतरू न शकणारी व्यक्ती कोण आहे, आणि तिच्या मदतीस कोण जाणार आहे?
३) गेल्या वर्षभरात सुरक्षिततेविषयी कोणी काय तक्रार केली? तिचे उत्तर मिळाले काय?
४) गच्चीची किल्ली कोणाकडे आहे?